मॅनहॅटन ढवळताना बर्फ नेमकं काय करतो

मॅनहॅटन या कॉकटेलची रेसिपी कुठेही बघा, तीनच गोष्टी असतात. राय व्हिस्की ६० मिली, स्वीट व्हर्मूथ (गोड, सुगंधी वाइन) ३० मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (एक कडू अर्क) दोन डॅश. आपल्या भाषेत एक लार्ज, एक स्मॉल आणि वरून दोन झटके. बर्फात ढवळायचं, गाळायचं, थंड ग्लासात ओतायचं, झालं. पण ग्लासात आलेलं मोजून बघितलं तर ते ९० मिली नसतं, ११५ च्या पुढेच भरतं, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त तर पाणीच असतं जे रेसिपीत कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की हे पाणी म्हणजे नाइलाजाने झालेली भेसळ नाहीये, तो चौथा घटक आहे, आणि तो आपण पेग मेजरने नाही तर टेंपरेचरने मोजत असतो. त्यामुळे "बर्फ कमी टाक रे, पातळ होईल" हा पार्टीतला हमखास सल्ला इथे पार उलटा पडतो.

आधी बाटल्यांचं बघू. राय हे गव्हासारखंच एक धान्य. अमेरिकेच्या कायद्याने राय व्हिस्की म्हणायचं तर दळलेल्या धान्यात किमान ५१ टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. जुनं पीप चालत नाही. लाकूड जाळलं की त्यातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणून व्हॅनिलाचा वास, आणि अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे किंचित खोबऱ्यासारखा. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर माउंट व्हर्ननला, म्हणजे स्वतःच्या शेतवाडीवर, जी भट्टी चालवायचा तिथे मुख्यतः रायच गाळली जायची, १७९९ साली जवळपास ११,००० गॅलन! पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड ही रायची जुनी घरं. मग १९२० ते १९३३ दारूबंदी आली आणि राय जी मागे पडली ती कित्येक दशकं, मधल्या काळात लोक मॅनहॅटन बर्बनमध्ये करायला लागले. बर्बन मक्याची, म्हणून जास्त गोड, आणि व्हर्मूथ आधीच गोड, त्यामुळे मला तरी तो प्रकार थोडा चिकट वाटतो. रायचा तिखटपणा त्या गोडाला आवरतो.

हे ड्रिंक विन्स्टन चर्चिलच्या आईने १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबातल्या पार्टीसाठी करवून घेतलं ही गोष्ट सगळीकडे फिरते. ३० नोव्हेंबर १८७४ ला चर्चिलचा जन्म इंग्लंडमध्ये झाला, म्हणजे त्या सुमारास बाई बाळंतपणात, तेही समुद्रापलीकडे, तेव्हा ही गोष्ट सोडून द्या.

व्हर्मूथ म्हणजे वाइनमध्ये थोडा स्पिरिट आणि कडू-सुगंधी वनस्पती. त्यातली मुख्य वनस्पती वर्मवुड, म्हणजे आर्टेमिसिया गटातली, आणि आपला जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच. बिटर्समध्ये जेन्शियनचं मूळ असतं, त्याच्या घराण्यातलं आपल्याकडचं झाड म्हणजे काडेचिराईत, लहानपणी तापात ज्यांनी त्याचा काढा प्यायलाय त्यांना जास्त सांगायला नको. दोन्हीत अमॅरोजेन्टिन नावाचं रसायन सापडतं जे माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात कडू पदार्थांपैकी एक आहे, म्हणून दोन झटक्यांत काम होतं. योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात १८२४ मध्ये हे पोटाचं औषध म्हणूनच बनवलं होतं.

आता खरी मजा. साध्या पाण्यात बर्फ टाकला तर पाणी शून्य अंशावर येऊन थांबतं. मॅनहॅटन मात्र शून्याच्या खाली तीन-चार अंश जातं, आणि गंमत म्हणजे शून्य अंशाच्या ओल्या बर्फानेसुद्धा जातं. स्वतःपेक्षा थंड कसं काय करू शकतो बर्फ? तर बर्फाच्या पृष्ठभागावर सतत देवाणघेवाण चालू असते, काही रेणू सुटून पाण्यात जातात, काही पाण्यातले परत येऊन चिकटतात. साध्या पाण्यात शून्य अंशाला दोन्ही सारखं होतं आणि गाडी थांबते. पण द्रवात अल्कोहोल असलं की परत येणारे पाण्याचे रेणू कमी पडतात, सुटणारे तेवढेच राहतात, म्हणून शून्य अंशालाही बर्फ वितळतच राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो ड्रिंकमधूनच ओढतो. हँडल फिरवून करायच्या पॉटच्या आंबा आइस्क्रीममध्ये बर्फावर खडे मीठ टाकतात ना, अगदी तेच, तिथे मीठ, इथे दारू.

म्हणजे थंड होणं आणि पातळ होणं या दोन गोष्टी नाहीतच, एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. थोडा हिशोब करू, अंदाजेच. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. आपलं ९० मिलीचं मिश्रण एक अंशाने उतरवायला साधारण ३५० ज्यूल काढावे लागतात. खोली २० अंशांची असेल आणि उणे चारपर्यंत जायचं असेल तर साधारण ८,४०० ज्यूल, म्हणजे २५ ग्रॅम बर्फ वितळणार. हेच मे महिन्यात नागपुरात ४० अंशांच्या किचनमध्ये केलं तर ४६ ग्रॅम! तीच रेसिपी, तोच हात, आणि पाणी जवळपास दुप्पट. (भांड्याची आणि बाहेरच्या हवेची उष्णता यात धरलीच नाहीये.) उलट राय आणि व्हर्मूथ दोन्ही ५ अंशांच्या फ्रिजमधून थेट काढले तर जेमतेम ९ ग्रॅम पाणी येतं आणि ड्रिंक घशाला लागतं. रेसिप्या थंड देशात, २० अंशांच्या आसपासच्या खोल्यांत जमलेल्या आहेत, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात राय फ्रिजमध्ये थोडाच वेळ ठेवायची, हाताला गारसर लागेल इतपत.

मग बर्फ जास्त टाकला तर? ओला बर्फ असेल तर ठरावीक थंडीसाठी वितळणारं पाणी तेवढंच राहतं, फक्त काम लवकर उरकतं. कमी बर्फ टाकलात तर तो बिचारा पूर्ण वितळून जातो आणि हातात कोमट आणि पातळ असं दोन्ही येतं. त्यामुळे भांडं बर्फाने भरा, कंजुषी नको. उणे १८ च्या फ्रीजरमधला बर्फ मात्र स्वतः तापण्यातच बरीच उष्णता खातो, त्यामुळे थंडी येते पण पाणी कमी येतं. दोन-तीन मिनिटं बाहेर ठेवा, वरून चमकायला लागला की घ्या, साचलेलं पाणी तेवढं झटकून टाका.

भांड्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत आणि मला इथेच सगळ्यात जास्त बोलायचंय. बारमध्ये तो नक्षीदार जाड काचेचा मिक्सिंग ग्लास दिसतो, फोटोत भारीच दिसतो. अर्धा किलोची काच एक अंशाने उतरवायला सुमारे ४२० ज्यूल लागतात, म्हणजे आतल्या ड्रिंकपेक्षाही जास्त. पूर्ण काच थंड होत नाही हे मान्य, तरी तो ग्लास आधी गार केला नसेल तर तुमचा बराच बर्फ काच गार करण्यातच जातो. स्टीलचा १०० ग्रॅमचा पातळ तांब्या घ्या, अंशाला फक्त ५० ज्यूल. आणि बार स्पूनच्या जागी फालुद्याचा लांब चमचा. कडेकडेने, बर्फ न आपटता, अर्धा मिनिट किंवा थोडं जास्त, बाहेरून तांब्यावर दव धरून हात गारठेपर्यंत. चहाच्या गाळणीने गाळा.

शेक का नाही करायचं? शेकने थंड तर पटकन होतं, पण बर्फाचे तुकडे उडतात, हवेचे बुडबुडे शिरतात, ड्रिंक गढूळ आणि फेसाळ होतं. लिंबाचा रस असला तर ते हवंच असतं, इथे नको. पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण दोघांपेक्षाही दाट असतं आणि थंडीत अजून दाट होतं, ढवळलेल्या मॅनहॅटनचा तो जिभेवरचा रेशमी जडपणा त्यातूनच येतो, बुडबुड्यांनी तो मोडतो.

आणि पाण्याने चव मरते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, स्वीडनच्या लिनेयस युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्के किंवा कमी असताना ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, म्हणजे नाकाच्या जवळ, आणि अल्कोहोल त्याहून बरंच वाढवलं की तो आत बुडतो. फक्त पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल एवढंच त्यात होतं, खऱ्या व्हिस्कीत शेकडो रेणू असतात, त्यामुळे लगेच सिद्धांत करू नका, पण दिशा कळते. आपलं ड्रिंक पाण्यानंतर २७-२८ टक्क्यांवर येतं.

वरची चेरी, केकवर लावतात ती भडक लाल घालण्यापेक्षा संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर पिळा, तेल उडतं ते बास. पटकन प्या असं नाही, पण फार रेंगाळू पण नका, कारण जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा गरम झाली की जास्त चालते, म्हणून वितळलेलं आइस्क्रीम खूप गोड लागतं आणि कोमट मॅनहॅटन पण.

चार-सहा लोकांसाठी करायचं तर ढवळायची गरजच नाही, प्रत्येकी ९० मिलीला २५ ते ३० मिली पाणी मोजून घाला, बाटलीत भरा आणि फ्रीजरमध्ये दीड-दोन तास. रात्रभर विसरलात तर मात्र एवढ्या अल्कोहोलला उणे दहा-बाराच्या पुढे बर्फाचे कण धरायला लागतात आणि सकाळी स्लश मिळतो. (महाराष्ट्रात यासाठी पाहुण्यांची पंचविशी पूर्ण हवी आणि परमिट हवं, तेही आलंच.) उरलेलं व्हर्मूथ कपाटात नका ठेवू, ती शेवटी वाइनच आहे, हवेने आंबट-शिळी होते, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा.