ट्रॉलीची दांडी कोरडी का हवी : एक पार्श्वभूमी

इंदुरात आषाढ-श्रावणाची झड लागली की मोठ्या किराणा दालनांच्या पोर्चमध्ये एकात एक सरकवून ठेवलेल्या ट्रॉल्यांच्या दांड्यांवर पाण्याचे थेंब ओळीने धरलेले दिसतात. आत शिरणारा माणूस ट्रॉली ओढतो, तळहात ओला झाला की रुमालाला पुसतो आणि यादी काढून पुढे चालू लागतो. त्या ओलीत पावसाचा वाटा किती आणि आधीच्या गिऱ्हाइकांच्या हातांचा किती, हे डोळ्यांना कळत नाही. ही दांडी पुसायची कोणी, कशाने, आणि पुसल्यावर ती वाळवायची का, हे प्रश्न करोनाच्या काळात निर्माण झाले असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते ट्रॉलीइतकेच जुने आहेत आणि दुकानदारीतल्या एका मोठ्या बदलापाशी त्यांचे मूळ सापडते.

तो बदल समजण्यासाठी सियागंजातले किंवा मल्हारगंजातले जुने किराणा दुकान डोळ्यांपुढे आणावे. तिथे गिऱ्हाईक गल्ल्याच्या अलीकडे उभे राहून यादी वाचत असे आणि दुकानातला माणूस पोत्यांतून डाळ-तांदूळ काढून, तोलून, पुडे बांधून पुढे ठेवत असे. मालाला लागणारे हात एका-दोघांचे असत आणि माल ज्यात घरी जाई ती कापडी पिशवी गिऱ्हाइकाची स्वतःची असे. रामबागेतल्या किंवा नारायण बागेतल्या मराठी घरांत ही पिशवी दाराआडच्या खुंटीला टांगलेली असायची, मळली की धुऊन उन्हात वाळत पडायची. सामान वाहण्याचे साधन ज्याचे, त्याच्याच घरी त्याची स्वच्छता, असा हा सरळ हिशेब होता. ट्रॉलीने तो मोडला. दुकानात वस्तू वाहण्याचे काम गिऱ्हाइकाकडे आले, पण वाहण्याचे साधन मात्र कोणा एकाचे राहिले नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकांना फळ्यांमधून फिरून माल स्वतः उचलण्याची मुभा दिली. दारात हातात टोपली मिळे. टोपली जड झाली की खरेदी थांबे, ही अडचण पुढची वीस वर्षे दुकानदारांना छळत राहिली. ओक्लाहोमा सिटीतले किराणा व्यापारी सिल्व्हन गोल्डमन यांनी घडीच्या खुर्चीकडे पाहून तिच्या पायांना चाके आणि बैठकीच्या जागी टोपली लावण्याची कल्पना काढली, फ्रेड यंग या कारागिराच्या मदतीने ती घडवली आणि ४ जून १९३७ रोजी आपल्या दुकानांत आणली. तारेच्या दोन टोपल्या, घडी होणारा सांगाडा आणि वर ढकलण्यासाठी दांडी, एवढेच तिचे रूप होते. पहिल्या दिवसांत ती कोणी हातात घेईना. तरुण पुरुषांना तिने आपण दुबळे दिसू असे वाटे, आणि बाळाची गाडी ढकलून थकलेल्या स्त्रियांना आणखी एक गाडी नको असे. शेवटी गोल्डमन यांनी पगारी माणसे गिऱ्हाईक म्हणून दुकानात फिरवली, तेव्हा इतरांनी ट्रॉली धरली. दांडी धरायला लोक तयार व्हावेत यासाठी एवढा खटाटोप झाला. तीच दांडी दिवसभरात किती हातांतून जाणार, याचा विचार त्या खटाटोपात कुठे आढळत नाही.

गोल्डमन यांची ट्रॉली दर वेळी घडी करून ठेवावी लागे, टोपल्या वेगळ्या रचाव्या लागत, म्हणजे निदान तेवढ्यापुरता तरी दुकानातल्या माणसाचा हात तिच्यावरून फिरे. १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांनी मागचे दार वर उचलले जाईल आणि एक ट्रॉली दुसरीच्या पोटात शिरेल अशी रचना केली. तिचे पेटंट त्यांना १९४९ मध्ये मिळाले. आज आपण पाहतो ती ट्रॉली मुळात हीच. तिने जागा वाचवली, पण एक गोष्ट नकळत घडली. ट्रॉल्यांची आख्खी रांग आता दाराबाहेर उभी करता येऊ लागली आणि दांड्या पाऊस, धूळ व दवाच्या हवाली झाल्या. माझ्या मते दांडी ओली राहण्याच्या इतिहासात गोल्डमन यांच्यापेक्षा वॉटसन यांचे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे.

दांडीची घडणही ओलीला धार्जिणी आहे. सांगाडा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो आणि हात लागतो त्या भागावर प्लॅस्टिकची नळी चढवलेली असते, तिच्यावर दुकानाचे नाव किंवा जाहिरात छापलेली. नळी आणि पोलाद यांच्यामधल्या फटीत, टोकांच्या बुचांखाली आणि स्क्रूंच्या खाचांत पाणी शिरले की ते लवकर निघत नाही. तिथे आधी मळ, मग गंज धरतो. वातानुकूलित दालनात थंड झालेला धातू पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेर आला की त्यावर दव धरते, त्यामुळे पाऊस नसतानाही पार्किंगमध्ये सोडलेली ट्रॉली ओली लागते. दालनाच्या दारापाशी पाण्याचा टिपूसही पडलेला नसताना दांडी दमट कशी, असा प्रश्न पडणाऱ्यांना याचे उत्तर तिथेच मिळते.

स्पर्शातून रोग पसरतो ही समज तर ट्रॉलीच्या कितीतरी आधीची आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेतील कार्बोलिक आम्लाचा वापर प्रसिद्ध केला आणि १९३५ मध्ये गेरहार्ट डोमाक यांनी बेंझाल्कोनियम क्लोराइडचे जंतुनाशक गुण मांडले. आज ट्रॉली पुसण्याच्या पुष्कळ द्रावणांत आणि ओल्या कागदी पुसण्यांत याच शेवटच्या वर्गातली रसायने असतात. म्हणजे गोल्डमन यांची ट्रॉली आली तेव्हा ज्ञानही होते आणि औषधही होते, पण दोन्ही रुग्णालयाच्या दारातच अडून राहिली. बाजारातल्या वस्तूला रुग्णालयाचा नियम लावावा असे कोणाला वाटायला आणखी काही दशके जावी लागली.

ते वाटण्यामागे लहान मुले होती. ट्रॉलीत मूल बसवण्याची जागा दांडीला लागूनच असते. मूल दांडी धरते, आणि दात येण्याच्या वयात ती चावतेही. २००६ आणि २००७ मध्ये अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, कच्च्या मांसाच्या पाकिटाशेजारी ट्रॉलीत बसणे हा धोक्याचा एक घटक म्हणून पुढे आला. ॲरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांच्या चमूने चार राज्यांतल्या ८५ ट्रॉल्यांच्या दांड्यांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी ७२ टक्के दांड्यांवर विष्ठेशी संबंध दाखवणारे जिवाणू आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. असे जिवाणू सापडले म्हणजे प्रत्येक दांडीने कोणाला आजारी पाडलेच असे नाही. एवढे मात्र त्यातून ठरले की दांडी नेमाने धुतली जात नव्हती.

आता कोरडेपणाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचे मर्म तिथे आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले आहे. १९९७ मध्ये न्यूझीलंडमधील पॅट्रिक, फिंडन आणि मिलर या संशोधकांनी हात धुतल्यानंतर उरलेल्या ओलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हातांवरून दुसऱ्या पृष्ठभागावर किती जिवाणू जातात, हे हातांवर किती पाणी उरले आहे यावर मोठ्या प्रमाणात ठरते, असे त्यांना दिसले. हात नीट कोरडे केले की हे संक्रमण फार घटत होते. पाणी हा दोन पृष्ठभागांमधला पूल आहे. सूक्ष्मजीव त्या पातळ थरातून एका बाजूकडून दुसरीकडे सहज जातात, आणि मळाचे कण सोबत असतील तर त्यांना खाद्यही मिळते. कॅम्पिलोबॅक्टरसारखे पोटाचे जिवाणू तर कोरड्या पृष्ठभागावर लवकर मरतात. सगळेच मरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. साल्मोनेला आणि नोरोव्हायरस हा पोटाचाच विषाणू कोरड्या जागीही बराच काळ तग धरतात, म्हणून नुसते वाळवणे धुण्याला पर्याय होऊ शकत नाही. पण पुसून ओली सोडलेली दांडी ही अर्धवट केलेली सफाई ठरते, आणि पुसणारे फडके दिवसभर एकाच बादलीत बुचकळलेले असेल तर त्या फडक्याचे पोतेरे झालेले असते व ते एका दांडीचा मळ पुढच्या वीस दांड्यांना लावत जाते.

मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, मिठाला ओला हात लावायचा नाही, पापड-कुरडयांचे डबे घासल्यावर उन्हात कडकडीत वाळवूनच भरायचे, हे नियम आमच्या आज्यांनी कोणताही अहवाल न वाचता पाळले, कारण ओल राहिली की बुरशी धरते हे त्यांनी पाहिले होते. तोच नियम दारातल्या ट्रॉलीला लावण्यात काहीच परके नाही.

भारतात मोठ्या प्रमाणावर ट्रॉली आली ती या शतकाच्या आरंभी. २००१ मध्ये ‘बिग बझार’ सुरू झाले, २००२ मध्ये मुंबईत पवईला ‘डी-मार्ट’चे पहिले दालन उघडले, आणि त्या दशकात इंदूरच्या महात्मा गांधी मार्गापासून बाहेरच्या रिंग रोडपर्यंत मॉल आणि दालने उभी राहू लागली. पिशवी दारात सील करून घ्यायची आणि ट्रॉली हाती घ्यायची, ही सवय आमच्या पिढीला तेव्हा लागली. घरची धुतलेली पिशवी रखवालदाराच्या फडताळात गेली आणि हात परक्या दांडीवर आला. या अदलाबदलीची तेव्हा कोणी दखल घेतल्याचे मला आठवत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि तिथले मॉल काही दिवस बंद ठेवावे लागले, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांच्या फोनवरून ही चर्चा आमच्या घरांतही पोहोचली, पण ती तोंडाच्या पट्टीपुरती राहिली.

मग २०२० साल उजाडले. १७ मार्च रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात, प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू प्लॅस्टिकवर आणि पोलादावर दोन ते तीन दिवसांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत जिवंत आढळल्याचे म्हटले होते. प्लॅस्टिक आणि पोलाद म्हणजे ट्रॉलीच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक जागांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त द्रावण आणि ते चालत नसेल अशा धातूच्या पृष्ठभागांसाठी ७० टक्के अल्कोहोल सुचवले. व्यवहारात हा भेद पुष्कळ ठिकाणी पाळला गेला नाही. शहरातल्या एका दालनात त्या पावसाळ्यात दारातला मुलगा फवारणीची बाटली घेऊन उभा असे. मी ट्रॉली ओढण्याआधी तो दांडीवर दोनदा फवारा मारी आणि ओघळ तसेच ठेवून मला पुढे जाण्याची खूण करी. औषधाला काम करायला जो वेळ लागतो तो मिळत नसे, मळ आधी काढलेला नसल्याने क्लोरीनचे बळ त्यातच संपे, आणि हाताला लागे ती उग्र वासाची ओल. काही महिन्यांत त्या ट्रॉल्यांच्या नळ्यांच्या टोकांशी तपकिरी गंज दिसू लागला होता. तो मुलगा सांगितलेले काम मनापासून करत होता. काम सांगणाऱ्याने मात्र त्याला कोरडे फडके दिले नव्हते.

५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले. ते विधान योग्य होते, पण त्याचा परिणाम असा झाला की बाटल्या दारातून उचलल्या गेल्या आणि दांडी पुन्हा अनाथ झाली. श्वासातून पसरणाऱ्या एका रोगासाठी सुरू झालेली सफाई, तो रोग श्वासाचा ठरला म्हणून बंद पडली. हातातून तोंडात जाणारे पोटाचे रोग तर तिच्याआधीही होते आणि नंतरही राहिले.

इंदूरला हे अधिक लागू पडते, कारण या शहराला सफाईचा इतिहास आहे. प्लेगच्या छायेतल्या इंदुरात १९१७ च्या दिवाळीला होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी मिरवणूक काढली. तिच्यात प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराची प्रतिमा होती, आणि मिरवणुकीचा मार्ग ज्या वस्त्यांनी घरे-गल्ल्या सर्वाधिक स्वच्छ केल्या त्यांच्यातून जाईल असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. शंभर वर्षांनी, २०१७ पासून, हेच शहर स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिले आले, सातव्या वेळी सुरतेसह. त्या यशाच्या मुळाशी एक साधी व्यवस्था होती : कोणत्या घराचा कचरा कोणत्या गाडीत, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हाताने जाणार हे ठरवून दिले गेले. ट्रॉलीच्या दांडीबाबत नेमके हेच ठरलेले नाही.

काम अवघड नाही. साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबायचे, मग स्वच्छ कोरड्या फडक्याने नळीच्या टोकांपर्यंत पुसून ट्रॉल्या छपराखाली, पावसाच्या माऱ्यापासून आत ठेवायच्या, आणि फडकी रोज धुऊन वाळवायची. अमेरिकेत २००८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून तांब्याच्या दांड्यांचाही विचार होतो. त्या महाग पडतात, आणि तांब्यावर तेलकट मळाचा थर बसला तर घरातल्या तांब्या-ताम्हनाप्रमाणे त्यांनाही घासावेच लागते.

गिऱ्हाईक एका वेळी एकच दांडी धरते. पार्किंगमध्ये विखुरलेल्या ट्रॉल्या गोळा करून पंधरा-वीसची रांग दारापर्यंत ढकलत आणणारा कामगार दिवसभरात शेकडो दांड्या हाताळतो, पावसाळ्यात तर सगळ्या ओल्याच. दांड्या कोरड्या ठेवण्याचे वेळापत्रक ज्या दालनात आखले जाईल, तिथे त्याच्या हातमोज्यांची, साबणाची आणि डबा उघडण्याआधी हात धुऊन कोरडे करण्याच्या दहा मिनिटांची नोंद पहिल्या ओळीत हवी.