स्वतंत्र दूरचित्रवाणी केंद्र (जपान)

टोकियोतल्या पाच मोठ्या खासगी वाहिन्यांपैकी एकीच्याही नेटवर्कमध्ये नसलेले आणि एकाच प्रांतापुरता परवाना असलेले खासगी केंद्र. जपानी भाषेत याला ‘दोकुरित्सुक्योकु’ म्हणतात. देशात अशी १३ केंद्रे आहेत : कान्तोत (टोकियोभोवतीचा पट्टा) सहा, चुक्योत (नागोयाभोवतीचा) दोन आणि किन्कीत (ओसाका-क्योतोभोवतीचा) पाच. होक्काइदो किंवा क्यूशूत एकही नाही, आणि त्याचे कारण परवान्यांच्या रचनेत आहे.

जपानमध्ये बहुतेक ठिकाणी खासगी वाहिनीला प्रांतवार परवाना मिळतो. स्थानिक केंद्र टोकियोतल्या एखाद्या वाहिनीशी जोडून घेते, तिचे कार्यक्रम दाखवते आणि त्यावर चालते. वरील तीन पट्ट्यांत मात्र मोठ्या वाहिन्यांना अनेक प्रांतांचा मिळून एकच परवाना आहे. योकोहामा किंवा चिबातल्या घरात त्या थेट टोकियोहूनच दिसतात. तिथल्या प्रांतिक केंद्राला जोडून घ्यायला नेटवर्कच उरत नाही. ‘स्वतंत्र’ हा शब्द त्यामुळे थोडा फसवा आहे. हे स्वातंत्र्य मागून घेतलेले नाही, वाट्याला आलेले आहे. आइची व ओसाका या प्रांतांतले प्रांतिक परवाने तेवी टोकियोच्या (त्या पाच मोठ्या वाहिन्यांपैकी एक) नेटवर्ककडे गेले, म्हणून तिथे स्वतंत्र केंद्र नाही. इबाराकीत तर प्रांताचे खासगी केंद्रच नाही.

सुरुवात १९६८ मध्ये गिफूपासून झाली. पुढच्याच वर्षी क्योतोचे केबीएस, कोबेचे सन टीव्ही आणि मिए टीव्ही आले. १९७० च्या दशकात गुन्मा, चिबा, कानागावा (टीव्हीके), शिगा, नारा, वाकायामा व साइतामा यांची भर पडली. टोकियो एमएक्स १९९५ चे, तर तोचिगी १९९९ चे. जुन्या व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) पट्ट्यात जागा नसल्याने ही केंद्रे यूएचएफवर (जास्त वारंवारतेच्या पट्ट्यात) सुरू झाली आणि ‘यूएचएफ केंद्र’ हेच त्यांचे नाव पडले. २०११ नंतर सगळेच प्रक्षेपण डिजिटल होऊन यूएचएफवर गेले, तेव्हा त्या नावाला अर्थ उरला नाही.

भांडवल बहुधा स्थानिक वृत्तपत्र, प्रांत सरकार आणि स्थानिक उद्योगांचे असते. नेटवर्ककडून मिळणारा पैसा नसल्याने वेळ विकणे हाच मुख्य धंदा. दिवसाचा मोठा भाग टेलिशॉपिंग, जुन्या मालिकांचे पुनःप्रसारण, कोरियन मालिका आणि प्रांत सरकारचे माहितीपर कार्यक्रम यांत जातो. शनिवार-रविवारी घोड्यांच्या शर्यती असतात. हे गणित नेहमीच जुळते असे नाही. केबीएस क्योतो १९९४ मध्ये कंपनी पुनर्रचनेच्या प्रक्रियेत गेले. अर्ज कर्मचाऱ्यांनीच केला होता.

या केंद्रांची खरी ताकद बेसबॉलमध्ये दिसते. बेसबॉलला घड्याळ नसते. नेटवर्क वाहिनीवर नऊ वाजता पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो, म्हणून रंगात आलेला सामना मध्येच तोडावा लागतो. सन टीव्हीने हान्शिन टायगर्सचे सामने शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत दाखवण्याची प्रथा पाडली आणि त्यावरच नाव कमावले. जुलैत शालेय बेसबॉलची प्रांतिक स्पर्धा भरते. कानागावात तिच्यात दीडशेहून अधिक संघ उतरतात. आपल्या गावच्या शाळेचा पहिल्या फेरीतला सामना टोकियोची वाहिनी दाखवणार नाही, टीव्हीके दाखवते.

रात्री उशिराचे ॲनिमे हा दुसरा आधार. इथे केंद्र कार्यक्रम विकत घेत नाही. निर्मात्यांची समितीच अर्ध्या तासाची वेळ विकत घेते आणि तो खर्च डिस्क व इतर मालाच्या विक्रीतून काढते. टोकियोतल्या मोठ्या वाहिनीपेक्षा तीन-चार स्वतंत्र केंद्रे मिळून स्वस्त पडतात. ओसाकात असे केंद्र नसले, तरी कोबेच्या माया डोंगरावरून सन टीव्हीचा सिग्नल तिथवर पोहोचतो. पुढे टोकियो एमएक्स स्कायट्री या टोकियोतल्या उंच प्रक्षेपण मनोऱ्यावरून दिसू लागले, उपग्रह वाहिन्याही आल्या, आणि शेजारच्या प्रांतांतल्या केंद्रांकडचे ॲनिमे घटत गेले.

घरी ही केंद्रे दिसत नसतील तर बहुतेकदा ॲंटेनाची दिशा चुकलेली असते. योकोहामात स्कायट्री ईशान्येला, तर टीव्हीकेचा मनोरा शहराच्याच त्सुरुमी भागातल्या मित्सुइके उद्यानात. घरापासून या दोन दिशा वेगळ्या पडल्या, तर एकच यागी ॲंटेना (एकाच दिशेला रोखायचा) दोन्हीकडे रोखता येत नाही. दुसरा लावून साध्या जोडणीने दोन्ही केबल एकत्र केल्या, तर एकच सिग्नल दोन वाटांनी थोड्या फरकाने येतो आणि स्वतःलाच मारतो. म्हणून दुसऱ्या ॲंटेनातून फक्त हवी ती वाहिनी (टीव्हीकेसाठी १८ क्रमांकाची) आत घेणारा फिल्टर असलेला मिक्सर लागतो. बूस्टर जास्त चढवला तर जवळच्या मनोऱ्याच्या जोरदार सिग्नलने तो तुंबतो आणि आधीच कमजोर असलेली वाहिनी आणखी बिघडते. डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या दिसत नाहीत. आधी चित्राचे चौकोन पडतात, मग पडदा काळा.

आणखी एक घोळ बटणांचा. कान्तोत टोकियो एमएक्सला ९ क्रमांक मिळाला. बाकीच्या पाचही केंद्रांना रिमोटवर ३. प्रांताच्या सीमेवर दोन ‘३’ एकाच वेळी मिळतात. तेव्हा टीव्ही एकाला ३ देतो आणि दुसऱ्याला रिकाम्या बटणावर ढकलतो. टीव्ही लावताना पिन कोड किंवा प्रांत चुकीचा भरला, तर आपले केंद्र भलत्याच बटणावर जाऊन बसते. अशा वेळी प्रांत बदलून वाहिन्यांचा शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.