स्क्रिप्टिंग भाषेत डेस्कटॉपची उभारणी

पॅनेल, मेनू, खिडक्यांच्या चौकटी, सूचनांचे फलक, फाइली हाताळायची सोय हे सारे मिळून संगणकाचे डेस्कटॉप वातावरण बनते. ते बहुधा सी किंवा सी++ या भाषांत लिहिलेले असते. पण त्याचा बराचसा भाग स्क्रिप्टिंग भाषांत, म्हणजे आधी यंत्रभाषेत रूपांतर न करता थेट चालवता येणाऱ्या पायथन, जावास्क्रिप्ट, लुआ, टीसीएल किंवा साध्या शेल स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या यादीत) लिहिण्याची परंपराही जुनी आहे. ती युनिक्स आणि लिनक्सच्या जगात रुजली, कारण तिथे डेस्कटॉप हा ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळा चढवलेला थर असतो; तो काढून दुसरा बसवता येतो.

हे शक्य झाले ते पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या (थोडक्यात 'एक्स'च्या) रचनेमुळे. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच पुढे टिकली. एक्स सर्व्हर पडद्यावर रेखाटतो आणि कळफलक व माउसच्या हालचाली कळवतो. कोणती खिडकी कुठे ठेवायची हे मात्र तो ठरवत नाही. ते काम विंडो मॅनेजरचे, आणि विंडो मॅनेजर हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम. सर्वांच्या मुळाशी असलेल्या खिडकीवर तो एक खास हक्क मागून घेतो. हा हक्क एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. त्यानंतर कोणतीही नवी खिडकी उघडायची झाली की सर्व्हर ती विनंती त्याच्याकडे पाठवतो, आणि आकार व जागा तो ठरवतो. हा सगळा संवाद सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या संदेशवाहिनीवरून चालत असल्यामुळे सॉकेटशी बोलू शकणारी कोणतीही भाषा चालते. टायनीडब्ल्यूएम हा चिमुकला विंडो मॅनेजर जेमतेम पन्नासेक ओळींचा आहे आणि तो सी व पायथन या दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. हा विषय शिकू पाहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

सर्वांत साधा डेस्कटॉप तर केवळ एका शेल स्क्रिप्टने उभा राहतो. पार्श्वचित्र लावणारा प्रोग्रॅम, पॅनेल आणि सूचना दाखवणारा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत सुरू करायचे आणि शेवटच्या ओळीत विंडो मॅनेजर. तो बंद झाला की स्क्रिप्ट संपते आणि तिच्याबरोबर सत्रही. सुटे भाग एकमेकांशी बोलतात ते डी-बस ही निरोपांची यंत्रणा आणि फ्रीडेस्कटॉप या सामाईक प्रकल्पाने ठरवलेले संकेत यांच्या आधारे. त्यामुळे पायथनमध्ये लिहिलेल्या पॅनेलला सी++ मधल्या प्रोग्रॅमच्या खिडकीचे नाव बिनदिक्कत वाचता येते.

जॉन औस्टरहौट यांनी बर्कली विद्यापीठात टीसीएल भाषा आणि तिच्या जोडीला टीके हा खिडक्या-बटणांचा संच घडवला. वेगाची कामे सी भाषेत करावीत आणि ती जोडणारा डिंक म्हणून स्क्रिप्ट वापरावी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढचे जवळपास सगळे यशस्वी प्रयोग याच विभागणीवर उभे आहेत. ऑसम या विंडो मॅनेजरचा गाभा सी भाषेत असून वागणूक लुआमध्ये लिहिलेली आहे. क्यूटाइल जवळजवळ संपूर्ण पायथनमध्ये आहे. दोन्हींत वापरकर्त्याची सेटिंगची फाइल हीच एक स्क्रिप्ट असते. तिथे 'पर्याय' संपत नाहीत, कारण हवा तो पर्याय आपण स्वतः लिहू शकतो.

हा विचार सर्वांत दूर नेला शुगरने. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या एक्सओ या लॅपटॉपसाठी बनवलेला हा डेस्कटॉप मुख्यतः पायथनमध्ये होता, आणि त्या लॅपटॉपच्या कळफलकावर चालू प्रोग्रॅमचा मूळ कोड दाखवणारी स्वतंत्र कळ होती. मुलांनी आपले साधन उघडून बघावे, ही त्यामागची इच्छा. संकलित भाषेत, म्हणजे सीसारख्या आधीच यंत्रभाषेत रूपांतरित होणाऱ्या भाषेत, ही कळ निरर्थक ठरली असती. पण ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती एवढ्यावर पायथन चालवण्याची किंमतही मोजावी लागली: प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ लागे.

ग्नोम हा लिनक्सवरचा एक प्रमुख डेस्कटॉप. २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ चा समोर दिसणारा भाग, म्हणजे ग्नोम शेल, मुख्यतः जावास्क्रिप्टमध्ये आहे. खिडक्या एकत्र रंगवणारे मटर हे ग्रंथालय (तयार कोडचा संच) सी भाषेत आहे. दोघांमधला पूल प्रत्येक फंक्शनसाठी हाताने बांधावा लागत नाही. सी ग्रंथालयांच्या वर्णनातून तो आपोआप तयार होतो. खरी अडचण स्मृतीची. जावास्क्रिप्टच्या कचरा-संकलकाला, म्हणजे नको झालेली स्मृती मोकळी करणाऱ्या यंत्रणेला, सी बाजूच्या वस्तूचे फक्त छोटे वेष्टन दिसते. त्यामागचे काही मेगाबाइटचे चित्र दिसत नाही. म्हणून स्मृती भरत असतानाही त्याला घाई वाटत नाही. शिवाय एकात एक गुंफलेल्या वस्तू एका फेरीत सुटत नाहीत: आधी वरची सुटते, आतल्या पुढच्या फेरीची वाट पाहतात. ग्नोम शेलची स्मृती वाढतच जाते, या तक्रारीमागचे हे एक मोठे कारण २०१८ मध्ये उलगडले आणि त्यावर उपाय झाला. कचरा-संकलन वारंवार करणे हाही सोपा मार्ग नाही, कारण तेवढा वेळ शेल थांबतो, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येकासाठी १६.७ मिलिसेकंदच मिळतात.

ग्नोमची एक्स्टेन्शने, म्हणजे वापरकर्ते जोडतात ते छोटे पूरक प्रोग्रॅम, शेलच्याच प्रक्रियेत चालतात आणि चालू फंक्शनच्या जागी आपले फंक्शन बसवू शकतात. ताकद अफाट, पण आतली रचना बदलली की ती मोडतात. २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने मॉड्यूलची, म्हणजे कोडचे वेगवेगळे भाग जोडण्याची पद्धत बदलली तेव्हा सगळीच नव्याने जुळवून घ्यावी लागली.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेने शेलमधल्या बिघाडाचा धोका वाढवला आहे. तिथे सर्व्हर आणि विंडो मॅनेजर एकच असतात; त्या प्रोग्रॅमला कंपोझिटर म्हणतात. एक्सवर ग्नोम शेल कोसळला तरी उघडे प्रोग्रॅम टिकत आणि शेल पुन्हा सुरू करता येई. वेलँडवर तो कोसळला की बहुधा पूर्ण सत्रच जाते. म्हणून नव्याने डेस्कटॉप लिहिणाऱ्याने कंपोझिटर संकलित भाषेत ठेवून पॅनेल, मेनू आणि सूचना वेगळ्या प्रक्रियांत स्क्रिप्टने चालवणे अधिक शहाणपणाचे. क्यूटाइलने दुसरी वाट धरली: वेलँडसाठी डब्ल्यूएलरूट्स हे सी ग्रंथालय घेतले आणि खिडक्यांची मांडणी पूर्वीसारखीच पायथनकडे ठेवली.