युझेन

युझेन : रेशमी किमोनोवर हाताने नक्षी रंगवण्याची जपानी पद्धत. या पद्धतीने सजलेल्या कापडालाही हेच नाव आहे. पैठणीतला मोर मागावर विणला जातो. युझेनमधला क्रौंच विणून झालेल्या पांढऱ्या रेशमावर कुंचल्याने उतरतो. क्योतो आणि कानाझावा ही या कामाची दोन प्रमुख केंद्रे.

मियाझाकी युझेनसाई हा सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोत पंखे रंगवणारा चित्रकार. त्याचे पंखे इतके गाजले की तशीच चित्रे कपड्यांवरही हवीशी झाली आणि १६८८ मध्ये त्या शैलीच्या नमुन्यांचे पुस्तकही निघाले. सारे श्रेय त्याच्या एकट्याच्या पदरात घालणे मात्र बरोबर नाही, कारण खळ लावून रंग अडवण्याची युक्ती जपानात आधीपासून होती. बंदीचाही हातभार लागला. १६८३ मध्ये जपानच्या तत्कालीन तोकुगावा राजवटीने सोन्याचे भरतकाम आणि किमोनोभर बारीक गाठी बांधून रंगवलेले कापड सामान्य शहरवासीयांना मना केले. हौस रंगाकडे वळली.

किमोनोचे कापड जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर रुंद, पण १२ मीटरच्या आसपास लांब असते. समारंभाच्या किमोनोसाठी ते आधी बेतून कच्च्या टाक्यांनी जोडतात आणि त्यावर चित्र रेखाटतात. त्यामुळे खांद्यावरची फांदी शिवण ओलांडून बाहीत सलग उतरते. मग टाके उसवून पुन्हा सुट्या पट्ट्या होतात. रेखाटन आओबाना या फुलाच्या निळ्या रसाने होते; पाणी लागले की तो निघून जातो. त्या रेषांवर चिकट तांदळाचे पीठ, कोंडा, मीठ आणि चुना यांची खळ कागदी शंकूतून पिळत नेतात. ज्याने मेंदीचा कोन हाती धरला आहे त्याला ही हातोटी चटकन कळेल, फक्त इथे रेष दोऱ्याइतकी बारीक हवी. नंतर सोयाबीनचे पातळ दूध फिरवून, रेषांच्या आत एकेक पाकळी रंगवली जाते. रंगलेला भाग पुन्हा खळीने झाकून वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि ताणलेल्या कापडाला पार्श्वभूमीचा रंग रुंद कुंचल्याने न थांबता देतात. मध्ये हात थांबला तर पट्टा उमटतो. वाफेने रंग पक्का होतो. खळ धुऊन गेली की तिच्या जागी पांढरी रेष उरते. तिला इतोमे म्हणतात. युझेनची ओळख पटते ती या रेषेवरून.

ही धुलाई पूर्वी क्योतोत कामो नदीच्या पात्रात चाले. पाणी रंगते म्हणून ती थांबली आणि कापड हौदांत गेले.

क्योतोत प्रत्येक टप्प्याचा कारागीर वेगळा, आणि शेवटी बऱ्याचदा सोनेरी वर्ख व भरतकामाची भर पडते. कानाझावातील कागा युझेनमध्ये आरेखनापासून रंगभरणीपर्यंतचे काम बहुधा एकाच हातचे असते. वर्ख नसतो; नीळ, किरमिजी, गेरूपिवळा, गवती हिरवा आणि जुनाट जांभळा हे पाच रंग मुख्य. पानाला कीड लागल्याची भोकेही तिथे हौसेने रंगवतात. माझ्या मते ती कोणत्याही वर्खापेक्षा देखणी.

मेईजी काळात (१८६८–१९१२) हिरोसे जिसुके याने रासायनिक रंग खळीतच मिसळून ते कागदी साच्यांतून छापायची रीत बसवली. किमोनो स्वस्त झाले, नक्षी घरोघरी पोचली.

हातकामाला विसाव्या शतकात नवे वळण दिले ते मोरिगुची काको यांनी. वाळवलेल्या खळीचा चुरा ओल्या रेशमावर शिंपडून ते हिमकणांसारखे पांढरे ठिपके उमटवत. १९६७ मध्ये जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला, २००७ मध्ये तोच त्यांचे पुत्र कुनिहिको यांना मिळाला. कुनिहिको पॅरिसला शिकून आले; त्यांच्या किमोनोवर फुलांऐवजी भौमितिक आकृत्या असतात. खळीचा चुरा मात्र वडिलांचाच.