कोरो: बार्सिलोनाच्या मोंजुइकपासून मडगावच्या फातोर्ड्यापर्यंत

२०१७च्या उन्हाळ्यात एफसी गोवा या फुटबॉल क्लबाने स्पॅनिश फॉरवर्ड फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरोला करारबद्ध केले, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि नुकताच सायप्रसमधल्या डोक्सा काटोकोपियास या छोट्या क्लबातून मोकळा झाला होता. गोवा खेळतो ती इंडियन सुपर लीग म्हणजे युरोपात उतरणीला लागलेल्यांची पेन्शन, अशी टीका त्या काळी सर्रास होत असे. कोरोचे कागदावरचे वर्णनही त्या टीकेत चपखल बसणारे होते.

स्पेनमध्ये तो गोलांच्या राशी घालणारा खेळाडू कधीच नव्हता. जन्म १९८३चा, जिरोनाजवळच्या विलोबी द ओन्यार गावातला. घडला तो बार्सिलोना शहरातल्या दुसऱ्या क्लबात, एस्पान्योलमध्ये. तिथे राऊल तामुदो हा हुकमी स्ट्रायकर होता. कोरो कधी विंगवर, कधी तामुदोच्या मागे, तर बऱ्याचदा बदली खेळाडू म्हणून उतरायचा.

तरीही एस्पान्योलचे जुने चाहते त्याचे नाव विसरत नाहीत, याला कारण २००६. एप्रिलमध्ये संघाने सारागोसाला ४-१ हरवून कोपा देल रे हा स्पेनचा राष्ट्रीय चषक जिंकला. त्यातला एक गोल कोरोचा. पण महिनाभरातच हा चषकविजेता संघ दुसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या काठावर उभा होता. १३ मे रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, मोंजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर रेआल सोसिएदादविरुद्ध ९० मिनिटे उलटली तरी गोलफलक कोरा होता. भरपाईच्या वेळेत कोरोने गोल केला. एस्पान्योल वाचला, आलावेस खाली गेला.

पुढच्याच मोसमात हा संघ युएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्ध दोन्ही सामन्यांत कोरोचा गोल होता. ग्लासगोतल्या अंतिम सामन्यात सेव्हियाने पेनल्टींवर बाजी मारली. अख्ख्या स्पर्धेत एकही सामना न हरता चषक मात्र हुकला. मग ओसासुना, जिरोना, एल्चे (२०१३मध्ये ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल श्रेणीत, बढती मिळवणाऱ्या संघात तो होता), मायोर्का असा प्रवास करत तो सायप्रसला पोहोचला.

गोव्यात मात्र सगळे गणितच बदलले. २०१६मध्ये गोवा तळाला होता आणि प्रशिक्षक झिको यांचा काळ संपला होता. नवे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा बार्सिलोनाच्या युवा संघांत मुरलेले. गोलरक्षकापासून छोटे पास देत चेंडू वर न्यायचा, हा त्यांचा हट्ट. या मांडणीत कोरोला मध्यभागी, बचावपटूंच्या खांद्याला खांदा लावून उभे केले गेले. मागे एदू बेदिया, अहमद जाहू, मान्युएल लान्सारोते. चेंडू येणार कुठून हे त्याला ठाऊक असे, आणि पळायचे किती याची निवडही त्याचीच. उतारवयातल्या फॉरवर्डला आणखी काय हवे? डिसेंबर २०१७मध्ये फातोर्ड्याला केरळविरुद्ध सात-आठ मिनिटांत हॅटट्रिक; त्याआधी घरच्याच मैदानावर बंगळुरूविरुद्धही एक. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६. दोन्ही वेळा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान.

मार्च २०१९मध्ये अंधेरीच्या मैदानावर अंतिम सामना झाला. जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि अतिरिक्त वेळेत मुंबईकर राहुल भेकेच्या हेडरने बंगळुरू विजेता. लीगचा सर्वोत्तम खेळाडू कोरो, चषक मात्र दुसऱ्यांचा. पुढच्या महिन्यात भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्याने चेन्नईयिनविरुद्ध गोल केला आणि गोव्याने २-१ने तो चषक घेतला.

२०१९-२०मध्ये आणखी १४ गोल, म्हणजे तीन मोसमांत ४८. लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा हा विक्रम नायजेरियाच्या ओग्बेचेने २०२२मध्ये मोडला. २०१९-२०च्याच मोसमाच्या शेवटाकडे लोबेरांना अचानक नारळ मिळाला, तरी जमशेदपूरला ५-० हरवून गोवा साखळीत अव्वल ठरला आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. ते सामने एप्रिल २०२१मध्ये फातोर्ड्यालाच झाले, पण तोवर कोरो गेला होता.

कोरोच्या गोलांना मी त्याच्या कौशल्याइतकेच छोट्या पासांच्या त्या खेळशैलीचेही देणे मानतो. त्याच्या जागी क्लबाने बिल्बाओचा इगोर आंगुलो आणला, तोही छत्तिशीतला. प्रशिक्षकही नवे, हुआन फेरांदो. पहिल्याच मोसमात आंगुलोने १४ गोल केले आणि गोल्डन बूट पुन्हा गोव्यात आला.