युरोप सहलीसाठी भाड्याचा पॉकेट वायफाय : डबी ताब्यात घेण्याआधी वाचा

आम्ही देतो ती डबी म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा राउटर. आत युरोपातले सिमकार्ड घातलेले असते. डबी तिथल्या मोबाइल टॉवरकडून ४जी इंटरनेट घेते आणि आसपासच्या फोनना वायफाय म्हणून वाटते. एका डबीला १० फोन जोडता येतात, पण पाचाच्या वर जाऊ नका. वेग सगळ्यांचाच पडतो आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. डबीवरून साधा फोन लावता येत नाही, एसएमएस येत नाहीत. व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, नकाशे, मेल, तिकिटांचे ॲप हे सगळे चालते.

आधी ठरवा, डबी लागणार आहे का

एकटेच जात असाल आणि फोन ई-सिमचा (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचे सिम) असेल, तर ई-सिम घ्या. स्वस्त पडेल, एक वस्तू सांभाळायची कमी आणि परत करायला आमच्याकडे यावेही लागणार नाही. नवरा-बायको दोघेच असाल, दोघांचे फोन नवे असतील आणि तिथे आपापले हिंडणार असाल, तरी हेच.

डबी खरी उपयोगाची ती चार-पाच जणांच्या कुटुंबाला : कुणाचा फोन जुना, कुणाचा टॅब, आई-बाबांच्या फोनचे सिम बदलायला आपल्यालाच भीती वाटते, अशा घरात. मात्र डबीचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरा. ती ज्याच्या खिशात, त्याच्याभोवती बाकीच्यांनी राहायचे. अर्धे लोक आयफेल टॉवरवर आणि अर्धे खाली बाकावर बसणार असतील, तर खालच्यांना नेट नाही. त्यामुळे चुकामूक झाली तर नेमके कुठे भेटायचे, हे रोज सकाळी तोंडी ठरवून घ्या. डबी असली तरीही.

"घरी जिओफाय (जिओची अशीच डबी) पडून आहे, त्यातच तिकडचे सिम घातले तर?" हे नेहमी विचारले जाते. चालणार नाही. एक तर ती जिओच्या सिमलाच बांधलेली असते. दुसरे म्हणजे मोबाइल लहरींच्या अनेक पट्ट्यांपैकी ती ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालते. युरोपात शहराबाहेर लांबवर पोचणारा सिग्नल मुख्यतः ८०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २० चा असतो. तो पट्टा नसलेले यंत्र शहरात १८०० वर कसेबसे चालेल आणि गावाकडच्या रस्त्याला लागले की गप्प बसेल.

स्वित्झर्लंड वेगळे सांगा

नोंदणी करताना 'युरोप' एवढेच सांगू नका, देशांची यादी द्या. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार नाही. एका देशाचे सिम बाकीच्या सदस्य देशांत त्याच दराने चालते. नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन युनियनमध्ये नाहीत, तरी या नियमात आहेत. स्वित्झर्लंड नाही. ब्रिटनही नाही, आणि तुर्कस्तान, सर्बिया हेही नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक युरोप टूरमध्ये जो देश हमखास असतो, तोच साध्या युरोप सिममध्ये बसत नाही. त्यासाठी स्वित्झर्लंड धरलेला प्लॅन लागतो आणि आम्ही तो डबी देण्याआधीच चालू करून देतो. निघाल्यावर आठवले, तर तिथून बदलणे कटकटीचे होते.

तुमच्या यादीत स्वित्झर्लंड नसले तरी सीमेवर सावध राहा. ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिझेहून बस ऱ्हाइन धबधब्याला जाते, तो शाफहाउझेनजवळ, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये. तिथे दोन देशांची हद्द इतकी वाकडीतिकडी आहे की डबी एकदा जर्मन टॉवर पकडेल, एकदा स्विस. बाझेल आणि जिनिव्हा ही शहरे तर फ्रान्सच्या हद्दीला चिकटूनच आहेत. लिख्टेनश्टाइनचे फाडुझ नियमात बसते, पण ऱ्हाइन नदीच्या पलीकडे लगेच स्वित्झर्लंड. अशा ठिकाणी प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर डबीवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. डबी बिघडलेली नसते. थोडे पुढे गेल्यावर ती एकदा बंद करून चालू करा.

घरीच करायची कामे

निघण्याच्या दोन दिवस आधी डबी ताब्यात घ्या आणि त्याच रात्री पूर्ण चार्ज करून चालू करून बघा. भारतात तिला नेट मिळणार नाही, पण वायफायचे नाव फोनवर दिसेल. प्रत्येकाचा फोन जोडून घ्या. पासवर्ड डबीच्या मागच्या चिठ्ठीवर आहे. त्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असे फोन विचारेल, हो म्हणा.

आता खरे महत्त्वाचे. "दुपारीच नेट संपले" ही आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे आणि तिचे कारण बहुतेक वेळा डबीत नसून फोनमध्ये असते. फोन वायफायला जोडला की त्याला वाटते आपण घरी आहोत, डेटा अमर्याद आहे. मग तो दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवतो, ॲप अपडेट करतो, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा प्रत्येक व्हिडिओ उतरवतो. तुमची रोजची मर्यादा प्लॅनप्रमाणे १, २ किंवा ३ जीबी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. ते तुम्ही सांगायचे, आणि प्रत्येक फोनवर वेगळे :

– आयफोनवर सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा, डबीच्या नावापुढच्या गोल 'आय' खुणेवर जाऊन 'लो डेटा मोड' सुरू करा.
– अँड्रॉइडवर डबीच्या नावाशेजारच्या चाकावर दाबा आणि हे नेटवर्क 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजून मिळणारे) ठरवा. हा पर्याय प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडा वेगळ्या जागी असतो. सापडला नाही तर डबी घ्यायला येताना फोन घेऊन या, काउंटरवर करून देऊ.
– गूगल फोटोज आणि प्ले स्टोअर : फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे आपोआप अपडेट, दोन्ही बंद.
– व्हॉट्सॲप : 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया ऑटो-डाउनलोडचा वायफायचा भाग उघडून सगळ्या खुणा काढा. मोबाइल डेटाच्या खुणा काढून लोक थांबतात, खरी गळती वायफायच्या खुणांतून होते. चॅट बॅकअपही तेवढ्यापुरता बंद ठेवा.
– लॅपटॉप नेणार असाल तर विंडोजमध्ये डबीचे कनेक्शन 'मीटर्ड' करा. एका विंडोज अपडेटमध्ये दिवसाचा कोटा संपू शकतो.

आकडे बघितले की याचे महत्त्व कळते. व्हॉट्सॲपवर नुसते बोलायला मिनिटाला अर्धा ते १ एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला ५ ते ८ एमबी. गूगल मॅप्सवर तासभर रस्ता शोधला तरी १० एमबीच्या आतबाहेर. यूट्यूब ४८० च्या चित्रदर्जावर तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास, १०८० वर दीड ते तीन जीबी. आणि आयफोनवर ४के, ६० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ४०० एमबीचा होतो. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख डोंगरावर दहा मिनिटे शूटिंग केले आणि बॅकअप चालू राहिला, तर ४ जीबी तिथेच गेले. त्यामानाने नकाशे आणि बोलणे जवळजवळ फुकट आहे, त्यात काटकसर करू नका. फोटो-व्हिडिओ हॉटेलच्या वायफायवर रात्री चढवा.

ओटीपीचे काय?

बँकेचा ओटीपी तुमच्या भारतातल्या नंबरावरच येणार. म्हणून ते सिम फोनमध्येच राहू द्या, निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि प्रीपेड असेल तर वैधता परतीच्या तारखेपुढे आहे ना ते बघा. परदेशात असताना सिम चालू, 'डेटा रोमिंग' बंद. येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. आलेला फोन उचलला तर पडतात. व्हॉट्सॲपचा नंबर बदलायची काहीही गरज नाही, ते आहे त्याच नंबरावर डबीच्या नेटवर चालते. फोन एअरप्लेन मोडवर टाकून नुसते वायफाय सुरू केले तर नेट मिळेल, पण ओटीपी येणार नाही. कार्ड वापरायच्या दिवशी हे ध्यानात ठेवा.

विमानात

डबी आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या सामानात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालतच नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची (बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) आहे : १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॅट-तास होते, २०,००० ची ७४. डबीची बॅटरी जेमतेम ११-१२. दुबईमार्गे एमिरेट्सने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे माणशी एकच पॉवर बँक नेता येते आणि ती विमानात वापरता येत नाही. बाकीच्या कंपन्यांचे नियमही कडक होत आहेत, तिकिटावरच्या कंपनीचे पान एकदा बघा. विमानात डबी पूर्ण बंद.

समुद्रातल्या मोठ्या फेरीबोटीवर किंवा क्रूझवरही बंदच ठेवा. जहाजाचे स्वतःचे उपग्रहावरचे मोबाइल नेटवर्क असते, ते युनियनच्या रोमिंग नियमात बसत नाही आणि त्याचे दर भयंकर असतात. डबीने ते पकडले तर बिल तुमच्या अनामत रकमेतून जाईल. ल्युसर्नच्या तळ्यातल्या बोटीला हे लागू नाही, तिथे काठावरचे टॉवर मिळतात.

तिथे उतरल्यावर

विमानातून बाहेर आल्यावर डबी चालू करा आणि पाच मिनिटे तिला हात लावू नका. पहिल्यांदा नेटवर्क शोधायला वेळ लागतो. त्या वेळात चार वेळा बंद-चालू केले तर तो शोध चार वेळा पहिल्यापासून सुरू होतो. देश बदलला की हेच.

बॅटरी ३,००० एमएएचची आहे. तीन-चार फोनवर ८ ते १० तास चालते. बोगदे, डोंगर, चालती ट्रेन अशा ठिकाणी सिग्नल शोधण्यात ती फार लवकर उतरते, तेव्हा बसमध्ये सगळे झोपले असतील तर बंद करा. जाड कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवू नका, तापते. बसच्या काचेपाशी उन्हातही नको. डबी फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा, वापरू नका आणि आम्हाला फोटो पाठवा.

सोबत दिलेला चार्जर बारीक दोन पिनांचा आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये तो थेट बसतो. स्विस सॉकेट षट्कोनी आणि खोलगट असते, त्यात जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग जात नाही, पण हा जातो. आपला तीन पिनांचा प्लग कुठेच जाणार नाही. लंडनला जाणार असाल तर तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर मागून घ्या.

अडले तर

वायफायचे नावच दिसत नाही : दहा मिनिटे कुणी जोडलेले नसले की डबी झोपते. पॉवरचे बटण एकदा हलके दाबा. नाव एकाच फोनवर दिसत नसेल आणि तो जुना असेल, तर डबी वायफायच्या ५ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर गेलेली असू शकते, तो जुन्या फोनना दिसत नाही; ती २.४ वर आणायला आम्हाला मेसेज करा.

जोडले आहे पण नेट नाही : डबी बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करा. तरी नाही, तर आपण कोणत्या देशात आहोत ते बघा (वर स्वित्झर्लंडचे लिहिले आहे ते). तरीही नाही, तर डबीच्या पडद्याचा फोटो आणि जागेचे नाव पाठवा.

नेट आहे पण रांगते : बहुधा दिवसाचा कोटा संपला आहे. मर्यादेनंतर वेग इतका उतरतो की व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो अडकतात. किती वापरले ते फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून दिसते. कोटा संपलेला नसेल तर डबी खिडकीजवळ ठेवून बघा, हॉटेलच्या तळघरातल्या जेवणघरात हा त्रास हमखास होतो.

एक काम मात्र करू नका. मागे सुईच्या टोकाएवढे 'रिसेट'चे भोक आहे, ते दाबू नका. त्याने सिमच्या नेटवर्कची आम्ही भरलेली सेटिंग पुसली जाते आणि डबी टॉवर दिसत असूनही मुकी होते. सिम बाहेर काढूनही पुसू नका. दुसऱ्या फोनमध्ये घातले तर ते बंद पडू शकते.

परत करताना

डबी, चार्जर, केबल, पाऊच आणि घेतला असल्यास अडॅप्टर, एवढे परत द्यायचे. भाडे निघण्याच्या तारखेपासून भारतात उतरण्याच्या तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून. उतरल्यानंतर परत करायला तीन दिवस मिळतात, त्यांचे भाडे नाही. विमान उशिरा सुटले तर तसा मेसेज करा, तो दिवसही धरत नाही. डबी हरवली तर त्याच दिवशी कळवा, म्हणजे सिम लगेच बंद करता येते आणि दुसऱ्या कुणाच्या वापराचा भार तुमच्यावर येत नाही. कुरिअरने पाठवणार असाल तर डबी बंद करून पाठवा आणि पावतीवर आत लिथियम बॅटरी असल्याचे लिहायला सांगा. अनामत रक्कम डबी तपासून झाल्यावर, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाते.