शिअर पिन कुठे, रिवेट कुठे?

हाय-पॉवर रॉकेटच्या (छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या मोठ्या रॉकेटच्या) नळीवर बाहेरून दोन्हींची नायलॉनची टिकलीच दिसते, त्यामुळे गल्लत सहज होते. पण शिअर पिन लावतात ती ठरल्या क्षणी तुटावी म्हणून, आणि रिवेट लावतात तो सांधा उड्डाणभर सुटू नये म्हणून.

दोन पॅराशूटांचं 4 इंची रॉकेट घ्या. उड्डाणाच्या शिखरावर खालचा सांधा उघडून ड्रोग, म्हणजे छोटं पॅराशूट, बाहेर पडतं. पुढे खाली येताना दोनेकशे मीटर उंचीवर नोज कोन (रॉकेटचं टोक) उडतो आणि मुख्य पॅराशूट येतं. म्हणून नोज कोनला शिअर पिना, आणि अल्टिमीटरचा (उंची मोजून पॅराशूट सोडणाऱ्या यंत्राचा) कपलर, म्हणजे जोडनळी, मुख्य पॅराशूटच्या पेलोड नळीत बसतो तिथे रिवेट.

शिअर पिन म्हणजे बहुधा 2-56 मापाचा नायलॉन स्क्रू, जाडी सुमारे 2.2 मिमी. एक स्क्रू साधारण 12 ते 16 किलोच्या जोराला कापला जातो. किती लावायचे, हे ड्रोग सुटतानाच्या हिसक्यावरून ठरवा. 700 ग्रॅमच्या नोज कोनला 50 जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या 50 पट) हिसका म्हणजे 35 किलो, तेव्हा तीन पिना जेमतेम पुरतात, चार बऱ्या. आता दुसरी बाजू: चार्जने (सांधा उघडणाऱ्या छोट्या स्फोटक पुडीने) एक बार दाब तयार केला, तर नोज कोनवर सुमारे 75 किलो जोर येतो. चार पिना त्यात तुटतात, पण हातात फारसं काही उरत नाही. पिन वाढवली की चार्जचा हिशेब नव्याने करायचा, आणि पॅराशूट भरून, पिना लावून जमिनीवर चाचणी घ्यायचीच.

नळीला 3 मिमीचं हवेचं भोक विसरू नका. समुद्रसपाटीवरून 3 किमी वर गेल्यावर आत अडकलेली हवा नोज कोनला 20 किलोहून जास्त जोराने बाहेर ढकलते, म्हणजे पिनांची बरीचशी ताकद तिथेच खर्ची पडते.

पुठ्ठ्याच्या नळीत पिन स्वच्छ कापली जात नाही. भोकाची कड दबते आणि स्क्रू वाकून अडकतो. कडेला पातळ सायनो (सुपरग्लू) जिरवा, किंवा पितळी पत्र्याचा तुकडा चिकटवा. फायबरग्लासला याची गरज पडत नाही. कपलरमध्ये राहिलेला तुकडा आत ढकलून काढा. एकदा उडालेली पिन, अखंड दिसली तरी, पुन्हा वापरू नका.

रिवेटचं काम सोपं, पण लांबी चुकते. नळी आणि कपलर मिळून जेवढी जाडी, तेवढ्याच पकडीचा रिवेट हवा. आखूड रिवेटचे पाय आत उघडतच नाहीत. लांब रिवेट सैल राहतो, आणि त्याचे पाय अल्टिमीटरच्या पाटीला घासतात.

चार्जचा वायू नळीच्या दोन्ही टोकांना सारखाच ढकलतो आणि जे टोक कच्चं ते सुटतं. रिवेटच्या जागी शिअर पिना लागल्या, तर नोज कोनऐवजी अल्टिमीटरचा कपलर निसटू शकतो आणि पॅराशूट नळीतच राहतं. नोज कोनला रिवेट लागले, तर रॉकेट नुसत्या ड्रोगवर आदळतं. वजनदार रॉकेटात म्हणूनच रिवेटऐवजी आत पक्क्या बसवलेल्या नटांमध्ये धातूचे स्क्रू घालतात.